संकट कोणी अंगावर घेतले?

आपल्याकडील दिवाणखान्यांत काचेच्या टाकीतला एखादा मासा सकाळी पोट वर करून तरंगताना आढळला, म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणी ना कोणी हमखास उद्गारते, की घरावर काहीतरी अरिष्ट यायचे होते, ते त्या बिचाऱ्या जिवाने आपल्या अंगावर घेतले. हा उद्गार निघाला की शोकाला जागा उरत नाही. उलट एक प्रकारचे समाधान घरभर पसरते, मृताची विल्हेवाट कुंडीतल्या मातीत किंवा त्याहून सोप्या मार्गाने लावली जाते, आणि संध्याकाळी त्याच दुकानातून, त्याच जातीचा आणि त्याच रंगाचा दुसरा मासा प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला जातो. पंधरवड्याने तोही संकट अंगावर घेतो. एकाच कुटुंबावर वर्षभरात इतकी अरिष्टे चालून येत असतील, तर त्या कुटुंबाने माशांच्या भरवशावर न राहता एखाद्या विमा कंपनीचा दरवाजा ठोठवावा, हे उत्तम.

या समजुतीच्या आश्रयाने एक व्यापार भरभराटीस आला आहे. आपले वास्तुशास्त्र आणि चिनी फेंगशुई यांची यथेच्छ सरमिसळ करून आठ सोनेरी व एक काळा अशा नऊ माशांचा संच सुचवला जातो. कपाळावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न हा निव्वळ मानवनिर्मित संकर धनलाभासाठी म्हणून खपवला जातो. आणि वाढून दोन-अडीच फूट होणारा अरोवाना, ज्यात त्याला धड वळताही येणार नाही अशा टाकीत, पेढीच्या गल्ल्यामागे मिरवला जातो. श्रद्धेविषयी माझी तक्रार नाही. ज्याची त्याला लखलाभ असो. तक्रार आहे ती या श्रद्धेने मालकाला जी परस्पर निर्दोष सोडण्याची सोय करून ठेवली आहे, तिच्याविषयी. घरातल्या माशाच्या मृत्यूचे कारण बहुतेक वेळा ग्रहदशेत नसून पाण्यात असते, ते कारण विज्ञानाला शतकाहून अधिक काळ ठाऊक आहे, आणि ते टाळण्याचा उपाय महागड्या यंत्रांपेक्षा चार जिवंत वनस्पती, थोडे लहान मासे आणि महिनाभराची सबुरी यांत अधिक आहे, एवढेच मला येथे मांडायचे आहे.

मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच उत्सर्जन करतो, ही गोष्ट इतकी उघड आहे, की तिचा परिणाम काय होत असेल याचा विचार करावा असे कोणाला वाटत नाही. प्रथिनांच्या पचनातून त्याच्या शरीरात निर्माण होणारा अमोनिया बहुतांशी कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो, आणि न खाल्लेले दाणे तळाच्या खड्यांत सडून त्यात भर घालतात. नदीत हे सारे वाहून जाते, विरून जाते. टाकीत ते साचते, आणि साचत असताना पाणी मात्र डोळ्यांना नितळच दिसत राहते. मग एके दिवशी मासा पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो, कल्ल्यांच्या कडा लालभडक दिसू लागतात, पर अंगाशी मिटले जातात, आणि समोर दाणा पडला तरी तो त्याकडे वळत नाही. घरातली मुले टाळ्या पिटून सांगतात, की मासा वर येऊन आपल्याशी बोलतो आहे. वास्तविक त्याचा श्वास कोंडलेला असतो.

निसर्गाने या विषाचा बंदोबस्त जिवाणूंच्या हवाली केला आहे. जिवाणूंचा एक वर्ग अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा त्या नायट्राइटचे नायट्रेट. यांपैकी नायट्राइटही विषारीच, कारण ते रक्तातील हिमोग्लोबिनला निकामी करून माशाला भर पाण्यात गुदमरवते, तर नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी असते. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू १८९०च्या सुमारास वेगळे करून दाखवले. म्हणजे ही काही कालपरवाची नवलाई नव्हे. परंतु नव्या कोऱ्या टाकीत हे जिवाणू जवळपास नसतातच. खड्यांवर, काचेवर आणि फिल्टरच्या स्पंजावर त्यांची वस्ती पुरेशी वाढण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात, आणि नेमक्या याच अवधीत आपण टाकी, खडे, प्लास्टिकची झाडे, बुडबुडे सोडणारा पाणबुड्या आणि डझनभर मासे एकाच दुपारी घरी आणून मोकळे झालेलो असतो. ज्याच्या घरी जुनी, स्थिरावलेली टाकी आहे अशा स्नेह्याकडून त्याच्या फिल्टरमधला थोडासा मळकट स्पंज विरजणासारखा मागून आणावा, म्हणजे हा काळ पुष्कळ कमी होतो; पण मळकट वस्तू मागून आणण्याची कल्पनाच आपल्या स्वच्छतेच्या संस्काराला मानवत नाही.

या संस्काराचा खरा पराक्रम रविवारी सकाळी पाहावा. मासे बादलीत काढले जातात, सगळे पाणी ओतून दिले जाते, खडे नळाखाली खळखळून धुतले जातात, स्पंज पिळून पांढरा केला जातो, काच घासून लख्ख होते, आणि क्लोरीनयुक्त ताजे पाणी भरून मासे परत त्यात सोडले जातात. मोठ्या कष्टाने वसलेली जिवाणूंची वस्ती या सोहळ्यात उठवली जाते, आणि टाकीचे वय पुन्हा शून्यावर येते. बुधवार-गुरुवारकडे मासे मलूल झाले, की दुकानदार निळ्या औषधाची बाटली देतो. त्या निळाईत पाणी गंभीर दिसू लागते, आणि रोगावर इलाज चालू आहे अशी घरच्यांची खातरजमा होते. जो गृहस्थ जितका टापटिपीचा, तितके त्याच्याकडचे मासे अल्पायुषी, असा विपरीत न्याय येथे चालतो. वास्तविक आठवड्यास एक चतुर्थांश पाणी बदलावे, नवे पाणी आदल्या रात्री बादलीत भरून उघडे ठेवावे म्हणजे त्यातला क्लोरीन बव्हंशी उडून जातो, आणि स्पंज धुवायचाच तर टाकीतून काढलेल्या त्या जुन्याच पाण्यात हलक्या हाताने पिळावा. दख्खनच्या पठारावर जेथे विंधन विहिरीचे जड, क्षारयुक्त पाणी वापरले जाते, तेथे तर अधिकच जपावे लागते. कारण पाण्याचा कल अल्कधर्मी असला, की त्याच अमोनियातला विषारी अंश वाढतो.

गोल काचेच्या भांड्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ते बंद व्हावे, इतकेच. सोनमासा हा कार्पचा आप्त असून नीट सांभाळला तर वीतभर लांब होतो, दहा-पंधरा वर्षे सहज जगतो, आणि चाळिशी ओलांडल्याचीही नोंद आहे. अशा प्राण्याला चार-पाच लिटर पाण्यात ठेवून तो तीन महिन्यांत मेला म्हणून ‘सोनमासे नाजूकच असतात’ असा निवाडा देणे, हा त्याच्यावर दुहेरी अन्याय होय.

आता वनस्पतींकडे वळू, कारण माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला समृद्ध भाग तोच आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली तेथील केमिकल सोसायटीपुढे एक छोटासा निबंध सादर केला. सुमारे बारा गॅलनांच्या काचपात्रात त्याने सोनमाशांची एक जोडी आणि वॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीची रोपे ठेवली होती. वनस्पती प्राणवायू देईल, मासे कार्बनी वायू देतील, आणि पाणी न बदलता संसार चालेल, अशी त्याची अटकळ. संसार चाललाही, पण वॅलिस्नेरियाची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली, त्यांच्या अंड्यांनी माशांची खाद्याची सोय झाली, आणि पात्र पुन्हा निवळले. घरगुती मत्स्यालयाच्या इतिहासाचा आरंभ अनेक जण या प्रयोगापासून धरतात. माझ्या लेखी त्याचे महत्त्व असे, की तेथे अलंकार म्हणून काहीच नव्हते, प्रत्येक जीव कामाला होता. वनस्पती केवळ प्राणवायू देत नाही, तर पुष्कळ पाणवनस्पती अमोनिया थेट शोषून घेतात, नायट्रेटपेक्षा तो त्यांना अधिक रुचतो, ही गोष्ट पुढे स्पष्ट झाली. डायना वॉल्स्टॅड या अमेरिकन लेखिकेने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच धागा धरून, खड्यांखाली साध्या मातीचा थर, वर दाट रोपे आणि बेताचेच मासे, अशी टाकीची रीत सांगितली. म्हणजे जिवाणूंची वस्ती वसेपर्यंतच्या काळात जे काम रिकामे पडते, ते जिवंत रोपे पहिल्या दिवसापासून थोडेफार उचलू लागतात. प्लास्टिकचे झाड धुळीखेरीज काही उचलत नाही.

वॅलिस्नेरिया ही काही परक्या मुलखातली दुर्मीळ वस्तू नव्हे. आपल्याकडील नद्यातळ्यांतही तिच्या रिबिनीसारख्या पानांचे ताटवे प्रवाहाच्या दिशेने झुकलेले असतात. तिचा विवाहसोहळा मुद्दाम सांगण्याजोगा आहे. नर आणि मादी फुले वेगवेगळ्या रोपांवर येतात. मादी फुलाचा बारीक देठ वाढत वाढत पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतो, आणि तेथे ते फूल पाण्याच्या ताणलेल्या कातडीत एक नखाएवढी खळगी पाडून बसते. नर फुले मात्र मुळाशीच, एका आवरणात दाटीने धरलेली असतात. वेळ झाली की ती देठापासून सुटून मिटल्या कळीच्या रूपाने वर येतात, पृष्ठभागावर उमलतात आणि वाऱ्याबरोबर वाहत निघतात. त्यांपैकी एखादे त्या खळगीपाशी पोहोचले की उतारावरून घसरून थेट मादी फुलाला भिडते. पराग पोचले, की मादी फुलाचा तो लांब देठ मळसूत्रासारखा वेटोळे घेत आखडतो आणि फळाला पाण्याखाली ओढून नेतो. घरच्या टाकीत या नाट्याचा पूर्ण प्रयोग क्वचितच होतो, कारण दुकानातून आणलेली रोपे बहुधा एकाच रोपाच्या धुमाऱ्यांची पिल्ले, म्हणून एकाच लिंगाची असतात. पण देठाचे वर येणे आणि ती खळगी, एवढे जरी दृष्टीस पडले, तरी बुडबुड्यांच्या रबरी पाणबुड्यापुढे बसून राहण्यापेक्षा मोठी करमणूक पदरात पडते. हायड्रिला तर शाळेतल्या प्रयोगामुळे आपणा सर्वांच्याच परिचयाची. नरसाळे उपडे घालून परीक्षानळीत तिचा प्राणवायू गोळा करण्याचा तो प्रयोग ज्यांनी केला नाही, त्यांनी उजेडातल्या टाकीत तिच्या पानांच्या टोकांवरून एकामागून एक सुटणारे बारीक मोती पाहावेत.

टाकी निवडताना लहान टाकी सोपी आणि मोठी टाकी अवघड, असा जो समज रूढ आहे तो उलटा करून घ्यावा. दोन फूट लांब आणि एक-एक फूट रुंद व उंच अशी टाकी काठोकाठ भरल्यास सुमारे ५६ लिटर पाणी घेते. खडे आणि काच धरून तिचे वजन सत्तर किलोच्या घरात जाते, म्हणून ती नाजूक तिपाईवर मांडू नये. एवढ्या पाण्यात चूक झाली तरी ती पचते. महिनाभर तीत नुसती रोपे वाढू द्यावीत आणि मग तीन-चार मासे, पुन्हा दोन आठवड्यांनी तीन-चार, अशा बेताने भरती करावी. दिवा दिवसास सात-आठ तासांहून अधिक ठेवला की शेवाळाला आमंत्रण जाते. विदर्भाच्या उन्हाळ्यात आणखी एक पेच पडतो: पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो, वीस अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास मावणारा प्राणवायू तीस अंशांना साडेसातवर येतो, आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. दिवसा गेली तर रोपे तारून नेतात. रात्री तीही प्राणवायू खाणाऱ्यांतच जमा होत असल्याने, अशा रात्री टाकीत गर्दी कमी असणे हाच भरवशाचा उपाय ठरतो.

मासे कोणते, तर लहान. आणि त्यातही, काचेत पैदास झालेले. झेब्रा मासा घ्या. दीड-दोन इंचांचा, निळ्या पट्ट्यांचा, थव्याने हिंडणारा हा चपळ जीव बंगालमधल्या पाण्यातून फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश वैद्याने गंगेच्या माशांवरील आपल्या १८२२च्या ग्रंथात प्रथम नोंदवला. पुढे अमेरिकेत जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला आनुवंशिकीच्या प्रयोगशाळेत नेले आणि आज जगभरचे शास्त्रज्ञ त्याच्या पारदर्शक अंड्यांत हृदय कसे घडते ते पाहतात. इतक्या थोर कुळातला हा मासा आपल्या दुकानांतून अगदी स्वस्तात मिळतो, आणि बहुधा म्हणूनच त्याला कोणी विचारत नाही. मध गुरामी, बुटका गुरामी, गुलाबी बार्ब हीही आपल्याच उपखंडाची प्रजा. उलट भारतीय काचमासा, ज्याच्या अंगातून मणका आरपार दिसतो हेच ज्याचे वैभव, त्याच्या अंगात सुईने रंग टोचून तो ‘रंगीत’ म्हणून विकण्याची अघोरी वहिवाट या धंद्यात पडली. असा मासा दिसला तर घेऊ नये, आणि दुकानदाराला का घेत नाही ते मोठ्याने सांगावे.

देशी माशांचा कैवार घेताना मात्र एक सावधगिरी बाळगली पाहिजे. फिलिप गॉस यांच्या १८५४च्या पुस्तकाने इंग्लंडात मत्स्यालयाचे वेड पसरले, आणि हौशी माणसांच्या झुंडींनी तेथल्या किनाऱ्यावरची खडकांमधली डबकी ओरबाडून रिकामी केली. गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत या विध्वंसाची खंत मांडली आहे. तोच प्रकार आपल्याकडे ‘मिस केरळ’ या लाल पट्ट्याच्या बार्बच्या बाबतीत घडला. नव्वदच्या दशकापासून परदेशी बाजारात त्याची मागणी वाढली, नद्यांतून तो बेसुमार उपसला गेला, केरळ सरकारला २००८ साली त्याच्या पकडीवर निर्बंध घालावे लागले, आणि आज तो संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. आपल्या आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या पाण्यात सापडलेला शिस्तुरा हिरण्यकेशी हा इटुकला मासा २०२० साली विज्ञानाला नव्याने कळला, आणि पुढल्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने तेथील सव्वादोन हेक्टरांहूनही लहान क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. इतक्या तातडीचे कौतुक वाटते. ज्याचे ठाऊक असलेले घर इतके लहान, त्याची एखाद्या उत्साही तरुणाच्या बाटलीतून घाटाखाली होणारी एक सहलही त्याला महाग पडू शकते. सह्याद्रीतल्या ओढ्यांतले मासे ओढ्यांतच पाहावेत. गुडघाभर पाण्यात स्वस्थ उभे राहिले तर ते स्वतःच पायाशी येतात.

उलट दिशेने होणारी आगळीक याहून मोठी आहे. टाकी नकोशी झाली की ‘जीव वाचवला’ या पुण्यभावनेने मासे नदीत, तलावात किंवा धरणात सोडले जातात. दक्षिण अमेरिकेतला सकर मासा, जो लहानपणी काचेवरचे शेवाळ खातो म्हणून घरी आणला जातो आणि फूट-दीड फुटाचा, चिलखती अंगाचा झाल्यावर कोणालाच नको असतो, तो याच मार्गाने भारतातल्या कित्येक जलाशयांत शिरून कोळ्यांची जाळी फाडू लागला आहे. गप्पी मासा तर सरकारी इतमामाने आला. १९०८ साली डासांच्या निर्मूलनासाठी तो येथे आणला गेला आणि आरोग्य खात्याचे कर्मचारी आजही तो विहिरींत, हौदांत सोडत असतात. बंद हौदात तो जरूर असावा. ओढ्यात त्याचे काम नाही, कारण देशी माशांची पिल्ले आणि डासांच्या अळ्या यांत भेद करण्याची ताकीद त्याला कोणी दिलेली नाही.

मुळात जलचराला काचेत कोंडावेच कशाला, असा आक्षेप कोणी घेतला तर तो मला निरुत्तर करतो असे नाही, पण तो मी हसण्यावारीही नेत नाही. मोठ्या, दूरवर भ्रमंती करणाऱ्या माशांच्या बाबतीत आक्षेपक बरोबरच आहेत. ज्या माशाच्या पिढ्यान्‌पिढ्या टाकीतच जन्मल्या, ज्याचे सारे विश्व एरवीही एखाद्या उथळ खाचराएवढे असते, त्याला दाट रोपांच्या, निर्मळ पाण्याच्या टाकीत सुखाने राहता येते, असे त्याच्या वागण्यावरून म्हणता येते: तो चरतो, भांडतो, जोडी जमवतो, अंडी घालतो. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात कित्येक पिढ्यांच्या मुलांनी काचेला नाक लावून पाण्याखालचे जग प्रथम पाहिले, आणि त्या संस्थेशी निगडित असलेले बोमन छापगर यांच्यासारखे अभ्यासक गोवा आणि लगतच्या सह्याद्रीतल्या सेटना बार्बसारख्या नव्या जातीचे वर्णन करून गेले. काच केवळ कैदच असते असे नाही, ती शिकवतेही; अट एवढीच, की तिच्या मागे खरोखरीचे पाणी असावे.

शासनाने या बाबतीत काय करावे? २०१७ साली केंद्र सरकारने मत्स्यालयाच्या दुकानांसाठी नियम काढले होते. त्यात दुकानांची नोंदणी होती, विक्रीस मनाई असलेल्या जातींची लांबलचक यादी होती, आणि व्यापाऱ्यांच्या ओरडीनंतर ते मागे घेण्यात आले. यादी सदोष असेल, पण नोंदणीची तजवीज रास्त होती. माझी मागणी त्याहून माफक आहे. प्रत्येक टाकीवर त्या माशाची पूर्ण वाढीची लांबी, आयुर्मान आणि त्याला लागणारे किमान पाणी लिटरमध्ये, असे तीन आकडे मराठीत ठळक लिहिलेले असावेत, आणि रिकामी टाकी व मासे एकाच गिऱ्हाइकाला एकाच दिवशी विकू नयेत. दुकानदार म्हणतील, की अशाने गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. जाईल खरे, म्हणून तर हा दंडक एकट्यादुकट्याच्या सदिच्छेवर न सोडता परवान्याच्या अटीत घालावा, आणि परवाने तपासायला येणाऱ्या निरीक्षकाने दर्शनी टाकीतल्या बुडबुड्यांकडे न पाहता मागल्या अंधाऱ्या खोलीतल्या त्या बादल्या आधी पाहाव्यात, जेथे नव्या मालाच्या पिशव्या सोडल्या जातात.